मालकांचं गेज

टेम्पो माल घेऊन गेला आणि माल घेऊनच परत आला, तेव्हा मी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. हौद्यात आमच्याच पेट्या होत्या. वरच्या थरातल्या प्रत्येक बुशवर लाल रंगाचा फटकारा मारलेला होता. लाल म्हणजे नापास, हे आमच्या शॉपमध्ये झाडू मारणाऱ्या बाईलाही माहीत होतं.

मालक केबिनमधून बाहेर आले. रंगराव इंगवले त्यांचं नाव, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना सगळे मालकच म्हणायचे.

"काय गं विजयमाला, हे काय?"

"परत आलंय."

"ते मला दिसतंय. का आलंय?"

ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला, "पिन भोकात शिरत न्हाई म्हणत्यात. भोकं बारकी पडल्यात म्हणं."

मालकांनी ड्रायव्हरकडं बघितलं, मग पेट्यांकडं, मग परत ड्रायव्हरकडं. "वाटेत कुठं थांबला होतास?"

"चा प्यायला."

"पेट्या कुणी बदलल्या तर नाहीत?"

"मालक, ह्या पेट्या बदलून कोण काय करणार? लोणचं घालणार व्हय?"

मी डबा झाकून ठेवला. जेवण काही मला जाणार नव्हतं. कारण त्या प्रत्येक पेटीवर 'तपासले' म्हणून माझी सही होती.

आम्ही शिरोलीच्या एका मोठ्या कंपनीसाठी पोलादी बुश करत होतो. बुश म्हणजे मधे भोक असलेला जाड गोल तुकडा. त्या भोकात त्यांची पिन बसायची. लेथ मशीनवर भोक पाडायचे हिंदुराव पोवार, आमचे जुने टर्नर, आणि ते तपासायची मी. आयटीआय करून मी तिथं लागले त्याला वर्ष होत आलं होतं. शॉपमध्ये मशीनच्या बाजूला बसणारी बाई मी पहिलीच. घरी थोरल्या भावानं परवानगी दिली होती, पण अटीवर. तुझ्याबद्दल एक शब्द कानावर आला, की त्या दिवसापासून तू घरी. दादा तसा वाईट नव्हता, पण बोलला की बोलला.

तपासायचं साधन एकच होतं, गेज. आमच्याकडं हा शब्द कशालाही चालायचा. पत्र्याची जाडी म्हणजे गेज, कॉम्प्रेसरवरचा हवेचा काटा म्हणजेही गेज, तारेचा नंबर म्हणजेही गेज. मालक नव्या माणसाकडं चष्म्यावरून बघायला लागले, की पोरं हळूच म्हणायची, "चालू झालं, गेज घालाय लागलेत." पण नुसतं 'गेज' म्हटलं, की सगळ्यांना कळायचं ते मालकांच्या कपाटातलं. लहानशा लाटण्यासारखी पोलादी दांडी, मधे धरायला मूठ आणि दोन्ही टोकं आरशासारखी गुळगुळीत. एक टोक गो, दुसरं नो-गो. गो भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. गो अडलं तर भोक लहान, नो-गो गेलं तर भोक मोठं. लहान पडलेले थोडे बुश रोजच परत लेथवर जायचे आणि हिंदुराव ते वाढवून द्यायचे. मला कामावर घेताना मालक म्हणाले होते, हे काम म्हशीलासुद्धा शिकवता येईल. मी हो म्हटलं होतं. पगार मला मिळणार होता, म्हशीला नाही.

हे गेज मालक रोज सकाळी स्वतः कपाटातून काढून माझ्या हातात द्यायचे आणि संध्याकाळी उजेडात धरून, दोन्ही टोकं निरखून परत घ्यायचे. मधे ते माझ्या टेबलावरून हललं तरी त्यांना केबिनच्या काचेतून दिसायचं. मला त्याचं काही वाटत नसे. तपासणीचं काम म्हणजे तरी काय, पगारी संशय. मी हिंदुरावांच्या कामावर संशय घ्यायची आणि मालक माझ्या.

"घे गेज," मालक म्हणाले. "माझ्यादेखत तपास."

मी लाल बुश एकेक उचलायला लागले. गो आत जात होतं. नो-गो अडत होतं. एक, दुसरा, दहावा, विसावा. सगळे पास.

"बघा," मी म्हणाले.

मालकांनी माझ्या हातून गेज घेऊन स्वतः घालून बघितलं. मग त्यांचा चेहरा थोडा खुलला. "म्हणजे ते खोटं बोलतात. भाव पाडायचा असणार. मोठी माणसं अशीच करतात."

त्यांनी शिरोलीला फोन लावला. तिकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर मालकांची मान खाली होती. मग त्यांनीच सांगितलं. आधीच्या महिन्याचा मालही कंपनीनं तपासायला काढला होता आणि त्यातलेही निम्मे अडकत होते. आणखी एक पेटी अशी गेली, की काम दुसऱ्या शॉपला जाणार होतं. आमचं अर्धं शॉप त्या एका बुशवर चालायचं.

मालकांनी सगळी मशीनं बंद करायला लावली. सगळे भोवती जमले. मालक आत गेले आणि देव्हाऱ्यातलं ताट घेऊन बाहेर आले. ताटात भंडारा होता, पालीच्या खंडोबाचा. त्यांनी ते ताट माझ्या तपासणीच्या टेबलावर ठेवलं.

"हे आपोआप झालेलं नाही," ते म्हणाले. "कुणीतरी केलंय. माझं काम तुटलेलं बघायचंय कुणाला तरी. ज्यानं केलं नसेल त्यानं भंडारा उचलून सांगावं."

आमच्या भागात भंडारा उचलणं म्हणजे गंमत नाही. खोटं बोलून उचलला तर घरावर येतं, असं मानणारी माणसं ती. एकेक जण पुढं आला. चिमूट उचलली, कपाळाला लावली, "मी काय केलं न्हाई" म्हणाला आणि बाजूला झाला. ड्रायव्हरनंही उचलला. हिंदुराव मात्र हात पुसत लेथपाशीच उभे राहिले.

"हिंदुराव, या."

"मी न्हाई उचलणार, मालक."

कॉम्प्रेसर तेवढा घुरघुरत होता.

"का?"

"माझा हात ह्या लेथवर तुमच्यासमोर म्हातारा झाला. त्या हातावर इस्वास न्हाई आन् चिमूटभर हळदीवर हाय? मग भंडाऱ्यालाच बसवा की लेथवर."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मालकांच्या गालाची शीर उडायला लागली होती. मलाही त्या क्षणी हिंदुरावांचा रागच आला. एवढं साधं तर आहे, उचलून मोकळं व्हायचं. ज्याच्या मनात काही नाही त्याला कसली भीती? आणि त्याच वेळी आठवलं, की दिवाळीच्या आधी पलीकडच्या गल्लीतल्या शॉपचा मालक हिंदुरावांशी रस्त्यात बोलत उभा होता. मी स्वतः पाहिलं होतं.

"ठीक आहे," मालक म्हणाले. "कळलं मला काय कळायचं ते. एकटा माणूस हे करू शकत नाही. एकानं भोक बारीक पाडायचं आणि दुसऱ्यानं पास करायचं. दोघांचं जमल्याशिवाय होत नाही." मग माझ्याकडं वळून, "रोज दुपारी ह्याच्या लेथपाशी काय बोलत असतेस गं? सगळ्यांना दिसतंय ते."

माझ्या अंगातून आग गेली. हिंदुराव माझ्या वडिलांच्या वयाचे. दुपारी त्यांच्या लेथपाशी मी जायची ती त्यांच्या बायकोनं दिलेलं तांबडं तिखट घ्यायला आणि आईनं दिलेले लाडू द्यायला. पण हे आता शॉपमध्ये उच्चारलं गेलं होतं. संध्याकाळपर्यंत ते राजारामपुरीत जाणार होतं आणि तिथं आमच्या दादाचं दुकान होतं. मला रडायला यायला हवं होतं, पण आला तो संताप.

"तुमचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला, मालक," मी म्हणाले. "टेम्पोवर, कंपनीवर, हिंदुरावांवर, माझ्यावर. एकावर राहिलाय."

"कुणावर?"

"ह्या गेजवर."

मालक हसले. खरंच हसले. "अगं, हे गेज मी पुण्याहून आणलंय. जर्मन पोलाद. ह्यावर मी शॉप उभं केलं."

"मला बोलायचं राहून गेलं ते सांगते. पूर्वी गो आत घालताना ते रुसायचं. जरा फिरवून, मनधरणी करून आत सरकायचं. गेल्या महिन्यापासून आपोआप घसरतंय, लहान म्हणून एकही बुश परत गेला नाही. मला वाटलं, हिंदुराव भोक जरा सढळ पाडायला लागलेत. पण कंपनी म्हणते, भोक लहान आहे. मग दोन्ही कसं खरं?"

हिंदुरावांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"मोजून आणू," मी म्हणाले. "कंपनीतच मोजून आणू. त्यांच्याकडं मोजायचं मशीन आहे. मग मी भंडारा उचलते, हवं तर ताटभर."

मालकांनी गेज उचललं आणि म्हणाले, "चल. पण सगळ्यांसमोर सांगतो. गेज बरोबर निघालं, तर उद्यापासून तू येऊ नकोस आणि हिंदुराव, तुम्हीही नको. तोवर इथून कुणी हलायचं नाही."

"न्हाई हलत," हिंदुराव म्हणाले आणि लेथच्या पायाशी उकिडवे बसले.

गेज मालकांनी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. मी स्कूटरवर मागं बसले. रस्ताभर ते एका हातानं खिसा चाचपत होते.

कंपनीत मोजमापाची वेगळी खोली होती. थंडगार, चपला बाहेर काढून आत जायचं. तिथं गोगटे नावाचे साहेब होते. शांत, बारीक आवाजाचे. त्यांनी गेज पेट्रोलनं पुसून एका काळ्या दगडी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता तासभर थांबावं लागेल."

"कशाला?" मालकांनी लगेच विचारलं.

"तुमच्या खिशात गरम झालंय ते. पोलाद गरम असलं की फुगतं. खोलीइतकं थंड होऊ दे, मगच खरं माप मिळेल. तुम्ही बाहेर चहा घ्या तोवर."

"मी इथंच बसतो."

"इथं थंडी वाजेल तुम्हाला."

"वाजू दे."

आणि मालक खरोखर तासभर त्या स्टुलावर, दोन्ही हात काखेत घालून, गेजवरची नजर न काढता बसून राहिले. गोगटे साहेब मधेच पेन घ्यायला टेबलाकडं आले तरी मालक उठून उभे राहायचे. मी दाराशी बसले होते. मला दादा आठवत होता. उद्यापासून घरी. आईबरोबर पापड लाटायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं की आईनं सांगायचं, तब्येतीमुळं सोडली हो नोकरी.

शेवटी गोगटे साहेबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग चष्मा काढून पुसला.

"नो-गो बाजू बरोबर आहे," ते म्हणाले. "गो बाजू बारीक आहे. पंधरा मायक्रॉननं. म्हणजे केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यानं."

मला ते ऐकून सुटल्यासारखं झालं. मालक उठले. "तुमचं मशीन चुकत असेल."

गोगटे साहेबांनी डब्यातून एक ठरल्या मापाचा पोलादी तुकडा काढला, मशीनवर ठेवला आणि मालकांना काटा दाखवला. काटा बरोबर आकड्यावर होता.

"मग हे बदललंय कुणीतरी!" मालकांचा आवाज चढला. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. "माझं काढून घेतलं आणि दुसरं ठेवलं."

"मुठीवर काहीतरी कोरलंय," गोगटे साहेब म्हणाले. "रं. इं. असं दिसतंय."

ती अक्षरं मालकांनी स्वतःच कोरली होती, कुणी बदलू नये म्हणून. ते खाली बसले.

गोगटे साहेबांनी भिंग आणलं. "इकडं या. बघा, हे सगळे ओरखडे गोल फिरलेत. वापरून झिजलं असतं तर लांबीच्या दिशेनं झिजलं असतं. हे पॉलिश पेपरनं घासलंय कुणीतरी, बरंच जोर लावून. आणि मुठीपाशी ह्या खाचेत हे लाल काय आहे?"

"कुंकू," मालक म्हणाले. "खंडेनवमीचं. आम्ही हत्यारांची पूजा करतो, त्यात गेज पहिलं."

मी विचारलं, "मग पूजेनंतर घासलं कुणी?"

"घासणार कोण? मीच." मालक माझ्यावर डाफरले. "रात्रभर पूजेत राहिलं, ताटातल्या पाण्यात हे टोक बुडालं होतं. गंजाचे ठिपके आले होते. चांगलं तासभर बसून लख्ख केलं. दुसऱ्या कुणाच्या हातात देतो काय मी? कुणावर भरवसा आहे इथं?"

एवढं बोलून ते थांबले. गोगटे साहेबांनी गेज पुसून त्यांच्यासमोर ठेवलं. मालकांनी ते बराच वेळ उचललंच नाही.

बाहेर येऊन ते स्कूटरपाशी नुसते उभे राहिले. मला त्यांची कीव आली, हेही खरं. त्या तासाभरात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"विजयमाला," ते म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू दे. गेज जुनं होतं, झिजलं, असं सांगू या. नवीन आणू. हिंदुरावांनाही काही बोलत नाही मी. तुझा पगारही बघू."

मी विचार केला. खोटं सांगत नाही, मोह झाला. पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात आलं, झिजलं म्हटलं की लोक विचारणार, रोज वापरतं कोण?

"झिजलं म्हणालात तर ते माझ्या हातानं झिजलं असं होईल," मी म्हणाले. "म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात. शिवाय मघाशी जे बोललात, ते तसंच राहील. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांसमोरच सांगा. नाहीतर मी सांगते."

त्यांनी स्कूटरला किक मारली. मला वाटलं, हे सांगणार नाहीत. शॉपमध्ये गेल्यावर काहीतरी पलटी मारणार. अख्ख्या रस्त्यात मी त्यांच्या पाठीकडं बघत माझी वाक्यं जुळवत होते.

शॉपमध्ये सगळे होते तिथंच होते. हिंदुरावही लेथच्या पायाशी बसलेले, डबा शेजारी तसाच.

"गेज खराब निघालं," मालक म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. हिंदुराव उठून उभे राहिले. "कशानं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही.

"मी घासलं," मालक म्हणाले. "खंडेनवमीला. गंज काढायला गेलो आणि माप गेलं. तुमच्यापैकी कुणाची चूक नाही. हिंदुराव, तुमची नाही. आणि ह्या पोरीबद्दल मी दुपारी जे बोललो, ते माझ्या तोंडातून जायला नको होतं."

मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं, आणि त्या माणसाबद्दल त्या दिवशी पहिल्यांदाच आदर वाटला. पोरं मोकळी झाली, कुणी मशीन चालू केलं, कुणी चहा सांगायला पळालं. मालक पुढं होऊन हिंदुरावांना म्हणाले, "चला, लागा कामाला. झालं गेलं विसरा."

हिंदुरावांनी खाली वाकून डबा उचलला.

"न्हाई मालक. मी उद्यापासनं येणार न्हाई."

"अहो, आता कसला राग? मी सगळ्यांसमोर बोललो की."

"राग न्हाई. तुमी खरं बोललासा, लई बरं केलासा. दुसरा मालक आसता तर बोलला नसता."

"मग?"

हिंदुराव माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुमी दोघं गेलासा आन् मी हितं बसलो. पयल्यांदा वाटलं, ताई माझ्या नावानं तिकडं काय तरी सांगून सुटणार. मग ह्या पोरांकडं बघाय लागलो. हा कशाला हसला, तो कशाला गप्प हाय, ह्यो सारखा भाईर कशाला जातोय. ही पोरं माझ्या हाताखाली शिकल्यात. त्यांनी प्यालेला ग्लास मी तोंडाला लावत आलोय. आन् आज ग्लास घेतला तर वाटलं, ह्यानं दिलाय, का दिलाय? मी असला न्हवतो, मालक. आता ऱ्हायलो तर असलाच हुईन."

त्यांनी लेथवरचा हात पुसायचा बोळा नीट घडी करून ठेवला, मला "येतो, ताई" म्हणाले आणि गेले. त्यांना थांबवावं असं मला फार वाटलं.

मालक दारात उभे राहून त्यांच्याकडं बघत होते. हिंदुराव कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होते. मग ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बोलायला ठीक आहे हे सगळं. पण एवढ्या तडकाफडकी कुणी सोडतं का? त्यानं दुसरीकडं आधीच ठरवलं असणार. तुला काही बोलला होता का?"

मी "नाही" म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला पलीकडच्या गल्लीतला तो मालक आठवला, दिवाळीच्या आधी हिंदुरावांशी बोलत उभा असलेला.